सात शर्ट आणि एक कॉलर

"तुमचा विश्वास बसणार नाही," मी म्हणालो, "कुणाचाच बसत नाही. पण या वाटेनं मी अकरा वेळा जाऊन आलोय."

खिडकीशी बसलेल्या नर्सनं रुमाल खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नर्स आहे हे तिनंच मघाशी सांगितलं होतं. तिकडच्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली होती, आणि विमानतळाच्या काचेपलीकडे आईला सोडून आल्यापासून तिचा रुमाल काही वाळायला तयार नव्हता. विमान अजून जमिनीवरच उभं होतं. सामान ठेवणाऱ्यांची ढकलाढकल चालू होती.

"अकरा वेळा?" ती म्हणाली. "मग आजोबा, तुम्हाला काहीच वाटत नसेल."

"काही म्हणजे काही नाही. मला आमच्या जिन्याची भीती वाटते. विमान म्हणजे काय, बसायची खोली."

माझ्या डाव्या हाताला, येण्याजाण्याच्या वाटेकडे, ताई बसली होती. माझी थोरली बहीण. तिनं मांडीवरच्या पिशवीचा बंद सोडला आणि परत बांधला.

आता तुमच्याशी खोटं बोलून मला काय मिळणार? तुम्ही काही माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेले नाही. तेव्हा सांगून टाकतो. या वाटेनं मी तोवर शून्य वेळा गेलो होतो. या वाटेनंच काय, कुठल्याच वाटेनं. एकोणसत्तर वर्षांत माझे पाय जमिनीपासून सर्वांत वर गेले ते शाळेत, मास्तरांनी दोन्ही कान धरून उचललं तेव्हा. आणि तेव्हाही खाली आल्यावर मी पोरांना सांगितलं होतं की वरून मला दुसरं गाव दिसलं.

जगाला कळलं असतं तरी मला फिकीर नव्हती. जगानं माझ्यावर कधी विश्वास ठेवलाच नव्हता. पण ताईनं ठेवला होता. नऊ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आणि एकटी विमानात बसली ती फक्त माझ्या त्या अकरा खेपांच्या भरवशावर. आणि आज ती माझ्या शेजारी होती, विमान उडणार होतं, आणि उतरायचं दार कुठे आहे ते मी तीनदा बघून ठेवलं होतं. पुढचे चौदा तास या बाईला कळू द्यायचं नव्हतं, एवढाच माझा त्या दिवशीचा कार्यक्रम होता.

* * *

आई-वडील एका वर्षाच्या आत गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि ताई सतरा. घरात एक शिवणयंत्र होतं आणि एक मी होतो. दोहोंपैकी एकच कामाचं होतं.

ताईनं त्या यंत्रावर शाळांचे गणवेश शिवले, हॉटेलातल्या वेटरांचे शर्ट शिवले, आणि उरलेल्या वेळात मला माणूस करायचा प्रयत्न केला. आमच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण ती त्याच्याकडे बघत नसे. तिचा एक शर्ट दोन तासांत उतरायचा. कॉलर वीस मिनिटांत. सगळ्या जगाचा वेळ ती त्याच मापानं मोजायची. "दूध एका कॉलरीत वर येईल, लक्ष ठेव." "दवाखान्यात किती बसावं लागलं?" "शर्टभर." मी तिसरीपासून दहावीपर्यंत हाच वेळ शिकलो, त्यामुळे परीक्षेत तीन तासांचा पेपर मला दीड शर्टाचा वाटायचा आणि दुसऱ्या बाहीपाशीच माझं ज्ञान संपायचं.

आणि एक. ती शिवताना माया सोडायची. शिंपीकामात मायेचा अर्थ सरळ आहे: शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. माणूस अंगानं भरला की शिवण उसवायची आणि ते बाहेर काढायचं. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. दुसरे शिंपी अर्धा इंच सोडत, ताई एक इंच.

"एवढं कापड वाया कशाला घालवतेस?" मी विचारायचो.

"वाया नाही रे. माया."

गिऱ्हाइकालाही ती असंच बोलायची. कपडा गुरुवारी होणार असला तर सांगायची शुक्रवार. शुक्रवारी येईन म्हणणाऱ्याला गुरुवारी निरोप गेला की त्याला वाटे, काय ही बाई! गावातले बाकी सगळे शिंपी उलट करत, म्हणून त्यांच्याकडे भांडणं होत आणि हिच्याकडे रांग.

हे मी तिच्याकडून शिकलो. फक्त मला कापडाऐवजी शब्द मिळाले.

मोठा झालो तेव्हा ताईनंच मला नोकरी लावली. विमानाची तिकिटं काढून देणारी एक कचेरी होती; तिच्या मालकांचं पोट असं होतं की त्यावर सुरकुती न पडणारा शर्ट फक्त ताईला जमायचा. एकदा माप घेता घेता तिनं माझा विषय काढला. टेप पोटाभोवती असताना माणूस सहसा नाही म्हणत नाही. मी अडतीस वर्षं तिथे तिकिटं लिहिली. टेबलावर उशीएवढं जाड वेळापत्रक असायचं. दोन वर्षांत मला ते पाठ झालं. कुठलीही दोन विमानतळं घ्या, अंतर किती, वेळ किती, मी डोळे मिटून सांगायचो. म्हणजे मनात बरोबर यायचं. तोंडातून बाहेर पडताना थोडं वाढायचं. बाराशेचे पंधराशे. म्हणून कचेरीत माझं नाव पडलं 'सव्वा'.

"सव्वा, बघ रे, साहेबांना कुठे जायचंय!" मालक आतून ओरडायचे. "आणि खरं सांग!"

नोकरी लावताना मालक ताईला म्हणाले होते, "आमच्या माणसांना वर्षातून एक विमानप्रवास कंपनीतर्फे असतो हो." ताईनं घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर गडद निळं कापड काढलं आणि मला कोट शिवायला घेतला. विमानात जाणाऱ्या माणसाला कोट पाहिजे. आतल्या बाजूला, छातीपाशी, पासपोर्टसाठी खिसा. खिसा बेतात व्हावा म्हणून तिनं मालकांचा पासपोर्ट अर्धा दिवस मागून आणला आणि त्यावर टेप लावला. माया दीड इंच. "तिकडचं खाऊन-पिऊन भरशील," ती म्हणाली. तेव्हा मी इतका किडकिडीत होतो की कोटाला वाटावं, आपण अजून खुंटीलाच आहोत.

तीन महिन्यांनी मला कळलं की तो विमानप्रवास हातांची खुर्ची असलेल्या साहेबलोकांसाठी होता. माझ्या खुर्चीला हात नव्हते. ते शेवटपर्यंत फुटले नाहीत.

मी हे सांगायलाच घरी आलो होतो, देवाशपथ. दारात पोचलो तर ताई कोटाला ब्रश मारत होती. मान वर करून म्हणाली, "मग, कधी निघायचं?"

"गुरुवारी," मी म्हणालो.

झालं. एकदा कात्री चालली की कापड परत जोडता येत नाही.

गुरुवारी मी कोट घालून, पिशवी घेऊन, बस पकडून विमानतळावर गेलो. तिथे विमानं बघायला येणाऱ्या लोकांसाठी वर एक गॅलरी होती. दिवसभर तिथे बसलो. कचेरीतल्या शिपायाच्या घरी मुक्काम केला आणि शुक्रवारी परत गॅलरीत. संध्याकाळी चॉकलेटचा पुडा घेऊन घरी.

"एवढ्यात आलास?" ताई म्हणाली.

"येताना उतार असतो ना."

तिनं माझ्याकडे शर्टाच्या बाहीकडे बघावं तसं पाहिलं, लांबी बरोबर आहे का म्हणून. मग म्हणाली, "दमला असशील. हातपाय धू. गरम आहे तोवर जेव."

असे मी दर वर्षी जायला लागलो. बाराव्या वर्षी विमानतळवाल्यांनी गॅलरीला फळ्या ठोकल्या, म्हणून माझे प्रवास अकरावर थांबले. नाहीतर आज आकडा मोठा असता.

* * *

"आजोबा, किती तास लागतात हो?" नर्सनं विचारलं. "तिकिटावर तर दहा दहाला निघणार आणि साडेचारला पोचणार असं लिहिलंय. म्हणजे सहा तास वीस मिनिटं ना? मी आईला तसंच सांगितलंय. तिला तेवढंच बरं वाटलं."

अडतीस वर्षांत हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल! निघायची वेळ इथल्या घड्याळाची, पोचायची तिथल्या घड्याळाची, आणि तिथलं घड्याळ आठ तास मागे. तिकिटासारखं थापाडं मी दुसरं पाहिलं नाही. मी शेर असेन तर ते सव्वाशेर.

"घड्याळं वेगळी असतात, बाळ," मी म्हणालो. "बसायचं ते सोळा तास."

"सात शर्ट आणि एक कॉलर," ताई म्हणाली.

"काय म्हणाल्या आजी?"

"चौदा तास वीस मिनिटं. हा सोळा सांगतो. मलाही सोळाच सांगितले होते."

ही गोष्ट खरी होती. नऊ वर्षांपूर्वी चिमणीचा फोन आला. चिमणी म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी, माझी भाची. तिचे वडील कंपाउंडर होते. ती शाळेत असतानाच गेले. मग ती शिकली, आणि नावाला जागून उडाली ती थेट बारा हजार चारशे सत्तर किलोमीटरांवर जाऊन बसली. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी सक्त पडून राहायला सांगितलं होतं. जावयाची नोकरी फिरतीची. "आई, तू ये," एवढंच ती म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना.

ताईनं फोन ठेवला आणि यंत्रापाशी बसली. पण पाय चालवला नाही.

"मी नाही बाई," ती म्हणाली. "कपडा उसवला तर मी शिवते. विमान वर उसवलं तर कोण शिवणार?"

मी यंत्रावरचा सुटा दोरा गुंडाळायला लागलो.

"तू अकरा वेळा गेलायस. तू सांग. जाऊ का?"

हो म्हणावं तर माझ्या थापेच्या जिवावर सत्तरीला टेकलेली बाई आभाळात जाणार. नाही म्हणावं तर तिकडे चिमणी छताकडे बघत एकटी पडून. आणि खरं सांगावं, तर ही हललीच नसती. ज्या घरात कुणीच गेलेलं नाही त्या घरातून पहिलं कोण जाणार?

"जा," मी म्हणालो. "काही नसतं त्यात. मी गेलोय ना."

"किती वेळ?"

"सोळा तास." गुरुवारचा शुक्रवार करायला तिनंच शिकवलं होतं.

"आठ शर्ट," ती म्हणाली आणि पहिल्यांदा जरा सैल बसली. आठ शर्ट तिला माहीत होते. आठ शर्ट तिनं बसल्या बैठकीला पूर्वी केले होते. "आणि जातं कुठून?"

मी नकाशा पसरला. इथून तिथे बोटानं सरळ रेघ ओढली आणि म्हणालो, "खरं म्हणजे असं जायला पाहिजे. पण विमानं वरून, उत्तरेकडून, वळसा घेऊन जातात. वर हवा थंड असते, इंजिन तापत नाही." हे कारण मी अडतीस वर्षं गिऱ्हाइकांना देत होतो. माझं स्वतःचं होतं.

"रिक्षावाल्यासारखे फिरवतात होय?" ती म्हणाली आणि गळ्यातला टेप काढला. निवृत्तीच्या वेळी मालकांनी मला कचेरीच्या काचेतला पत्र्याचा पृथ्वीगोल दिला होता. त्याला एका महासागरात खळगा पडला होता. तिनं तो पुढ्यात ओढला. "हे आपलं ना? इथे बोट ठेव. घट्ट दाब. आणि चिमणी कुठे?"

आधी तिनं माझ्या नकाशावरच्या सरळ रेघेतली गावं धरत, मधे हातानं दाबून, टेप लावला. साडेतेरा इंच. मग मधला हात काढून घेतला आणि दोन्ही टोकं ताणली. टेप आपला आपणच सरकला, वर, उत्तरेकडे, आणि गोलाला चिकटून बसला. पावणेबारा.

"अरे वेड्या," ताई म्हणाली, "सपाट कापडावर सरळ असतं ते खांद्यावर सरळ नसतं. खांद्यावरनं घेतात म्हणून कमी भरतं. पृथ्वीला खांदा आहे."

मी गोलाचा घेर धरून गुणाकार केला. बारा हजार चारशे सदुसष्ट किलोमीटर. वेळापत्रकात होते बारा हजार चारशे सत्तर. तीन किलोमीटरांचा फरक त्या खळग्यामुळे आला असणार. बघा, ही यातली सगळ्यांत खोटी वाटणारी गोष्ट, आणि हीच खरी आहे.

मग तिनं मला विमानाबद्दल सगळं विचारून घेतलं, आणि मी सांगत गेलो. विमान ढगात शिरलं की कपडे दमट होतात, जादा शाल ठेव. विमान वळलं की आपण उलट्या बाजूला झुकायचं, म्हणजे पायलटला हलकं जातं. ती एकेक गोष्ट कागदावर लिहीत होती आणि मला वाटत होतं, सव्वा, आता गप्प बस. पण कागदावर लिहिता लिहिता तिचं वाकडंतिकडं अक्षर सरळ व्हायला लागलं होतं, म्हणून मी आणखी दोन सांगितल्या.

ती गेली. पोचल्यावर तिचा फोन आला. "पोचले. सगळं तू सांगितलंस तसंच होतं."

चिमणीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. सहा महिन्यांनी ताई परत आली, आणि पुढची नऊ वर्षं मी आल्यागेल्याला सांगत राहिलो: विमानातलं मी सांगावं आणि ताईला तंतोतंत तसंच सापडावं. खरं तर मलाच आश्चर्य वाटायचं. मी रचलेलं जगात असतंच, असं मी धरून चाललो.

* * *

आता चिमणी ऐकेना. "मामा, तुम्ही दोघं तिथे एकमेकांना गोळ्यांच्या वेळा विचारत बसता. इकडे या. कायमचे." ताईनं शिवणयंत्र आमच्याकडे काजं-बटणं करायला येणाऱ्या बाईला दिलं. यंत्र दारातून बाहेर गेलं तेव्हा ती आत कपाट आवरत होती. मुद्दाम आवरत होती. दुसऱ्या दिवशी तिनं माझा निळा कोट काढला. पूर्वी दोनदा उसवून मोठा केला होता, आता तिसऱ्यांदा केला.

"झालं," ती म्हणाली. "आता आत काही उरलं नाही. होती तेवढी सोडली."

सकाळी पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं माझी पानं चाळली. सगळी कोरी. "पहिलाच प्रवास?" त्यानं विचारलं, तेही ताईसमोर.

"जुना भरला," मी म्हणालो. "हा नवा."

अधिकारी हसला. मी पासपोर्ट पँटच्या मागच्या खिशात टाकला.

"तिथे कशाला ठेवतोस?" ताई म्हणाली. "कोटाला खिसा आहे ना?"

"सवय," मी म्हणालो.

तिनं माझ्या कोटाकडे एकदा पाहिलं आणि पुढे चालायला लागली.

* * *

दारं लागली. कुठून तरी पोटात घुमल्यासारखा आवाज सुरू झाला. हवाई सुंदरी पट्टा कसा लावायचा ते दाखवत होती; मी ते बघितलं नाही, कारण अकरा वेळा गेलेला माणूस ते बघत नाही. त्यामुळे माझ्या पट्ट्याच्या दोन टोकांचं नातं मला कळेना. शेवटी मी त्यांची पायजम्याच्या नाडीसारखी गाठ मारायला गेलो, तर ते धातूचे तुकडे गाठीत बसेनात. नर्स बघते आहे हे पाहून मी त्यावर हात ठेवला.

"मी सैलच ठेवतो," मी म्हणालो. "सराव झाला की घट्ट लागत नाही."

डावीकडून एक हात आला. सुरकुतलेला, अंगठ्यावर सुईच्या टोचांची काळी नक्षी असलेला. त्यानं माझी दोन्ही टोकं उचलली, एक दुसऱ्यात सरकवलं, कट्ट असा आवाज झाला, आणि हात परत गेला. शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या शर्टाचं वरचं बटण याच हातानं लावलं होतं. तेव्हाही हात असाच न बोलता परत गेला होता.

विमान हललं. नर्सनं खुर्चीचे हात धरले. मीही धरले, पण तिच्यापेक्षा निवांत दिसेल असे.

"आजोबा, मला भीती वाटतेय हो."

"छे! हे बघ, पाचव्या खेपेला काय झालं, असंच विमान, अशीच सकाळ. पायलटला रस्ता आठवेना. हवाई सुंदरी मागे आली, म्हणाली, सव्वासाहेब कोण? मी म्हटलं, मी. पायलट म्हणाला, तुम्ही नेहमीचे, जरा पुढे बसता का? मी पुढे जाऊन बसलो. म्हटलं, डावीकडे नको घेऊस, खांद्यावरनं घे..."

नर्स हसली. रडण्यात मिसळलेलं का होईना, पण हसली. मला चेव आला. विमान जसजसं पुढे सरकत होतं तसतसा माझा आवाज वाढत होता. पुढच्या रांगेतल्या दोघांनी माना वळवल्या. सहाव्या खेपेला मी पंखावर बसलेलं पाखरू हाकललं. नवव्या खेपेला पेट्रोल कमी पडलं तेव्हा सगळ्यांना चपला काढायला लावून वजन कमी केलं.

तेवढ्यात धावपट्टीच्या तोंडाशी विमान वळलं. चांगलंच वळलं.

"झुक!" मी नर्सला म्हणालो. "उलट्या बाजूला! पायलटला जड जातं!" आणि डोळे घट्ट मिटून ताईच्या अंगावर कललो.

ताई कलली नाही. ताठ बसली होती.

"खोटं," ती म्हणाली.

हळू नाही. यंत्र चालू असताना गिऱ्हाइकाशी बोलायची तिची सवय होती, तो आवाज. पुढच्या तीन रांगांना ऐकू गेला.

"खोटं बोलतोय हा. एकदाही गेलेला नाही. आज पहिल्यांदा बसलाय."

माझ्या कोटाच्या आत दीड इंच जागा झाली असावी इतका मी आक्रसलो. "ताई," मी म्हणालो, "तूच तर म्हणालीस, सगळं मी सांगितलं तसंच होतं..."

"झुकले होते ना मी! पहिल्या वळणाला झुकले. शेजारच्या बाईला वाटलं मला उलटी होतेय, तिनं पिशवी पुढे धरली."

नर्सनं तोंडावर रुमाल दाबला. या खेपेला रडण्यासाठी नाही.

"तरी पुढेही झुकतच गेले," ताई म्हणाली. "भीती वाटली की झुकायचे. हाताला काम नव्हतं, तेवढं तरी झालं."

"तुला कधी कळलं?"

तिनं माझ्या कोटाची डावी बाजू धरली आणि उलटवली. आतला खिसा. त्याच्या तोंडावर पांढऱ्या दोऱ्याचे सहा टाके, आडवे, लांब लांब. नव्या कोटाचा खिसा लोंबू नये म्हणून शिंपी कच्चे टाके मारून तोंड बंद करतात. घालणाऱ्यानं पहिल्यांदा वापरताना ते काढायचे असतात. ही गोष्ट शिंपिणीच्या घरात वाढून मला माहीत नव्हती. मला वाटायचं, ती नक्षी आहे.

"हे माझे टाके," ताई म्हणाली. "कोट दिला त्या दिवशीचे. तीनदा कोट उसवला, तीनदा बघितले."

"मग बोलली का नाहीस?"

"राहू दिलं आत," ती म्हणाली. "लागेल कधीतरी म्हटलं. लागलं ना, चिमणीच्या वेळेला."

मला काही बोलायचं होतं. सव्वापट, दीडपट, जेवढं म्हणून होतं तेवढं. एकही शब्द मापात बसेना.

विमान धावायला लागलं होतं. ताईनं सवयीनं गळ्याशी कात्री चाचपली. गळ्यातल्या दोरीची कात्री मघाशीच तपासणीत काढून घेतली होती. मग अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईनं माझ्या छातीवर मान वाकवली, टाक्याची गाठ दातात धरली आणि कट्कन तोडली. दोरा ओढून काढला, बोटाला गुंडाळला. माझ्या मागच्या खिशातला पासपोर्ट मागून घेतला आणि आत सरकवला. व्यवस्थित बसला. तिथेही तिनं बोटभर जागा जादा ठेवली होती.

चाकांची खडखड एकदम थांबली.

"पहिला शर्ट," ताई म्हणाली, आणि डोळे मिटले.